ब्रिटनमधलं बाळंतपण: मिडवाइफ काय पाहते आणि डॉक्टरांना कधी बोलावते

घरच्या चाचणीवर दोन रेघा आल्या की पुण्या-नागपुरात पहिला फोन जातो तो गायनॅकला. इंग्लंडमध्ये तो मिडवाइफच्या खात्याकडे जातो. तब्येत ठीक असेल तर नऊ महिने तपासणारी मिडवाइफ, कळांच्या वेळी सोबत मिडवाइफ, आणि बाळ घरी आल्यावर दार वाजवणारीही मिडवाइफच. डॉक्टरांची गाठ पडेलच असं नाही. नव्याने आलेल्या मराठी घरांत याचे दोन अर्थ लावले जातात. कुणी म्हणतं, खर्च वाचवायला सुईणीवर भागवतात. कुणी म्हणतं, इथे सगळं नैसर्गिकच, सिझर करतच नाहीत. दोन्ही चूक.

इंग्लंड-वेल्समध्ये मिडवाइफचा व्यवसाय १९०२ पासून कायद्याने नोंदणीकृत आहे. साधारण तीन वर्षांची पदवी, नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी, ठरावीक औषधं स्वतःच्या अधिकारात देण्याची परवानगी, टाके घालणं, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं हे सगळं तिच्या कामात येतं. तिचं क्षेत्र म्हणजे गुंतागुंत नसलेलं गरोदरपण. गुंतागुंत दिसली की डॉक्टरांना बोलावणं ही तिची जबाबदारी आहे, मर्जी नव्हे. आणि सिझरचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये अलीकडे दर पाच बाळंतपणांत दोनाहून जास्त सिझरनेच होतात.

म्हणून 'मिडवाइफ बरी की डॉक्टर बरे' हा प्रश्न घरी घोळवत बसण्यात फारसा अर्थ नाही. तुमच्या कामाचा प्रश्न असा: गोष्ट बिघडायला लागली तर ती कुणाच्या लक्षात येईल, आणि लक्षात आल्यापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत किती वेळ लागेल? पुढचं सगळं याच अंगाने वाचा. नियम इंग्लंडमधल्या एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये चौकट तीच, तपशील थोडे वेगळे.

नाव नोंदवणं

जीपीकडे, म्हणजे घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे नाव असणं चांगलंच, पण मिडवाइफसाठी त्यांच्या चिठ्ठीची गरज नाही. जवळच्या एनएचएस हॉस्पिटलच्या संकेतस्थळावर मॅटर्निटीचा स्वतः नोंदणी करण्याचा अर्ज असतो, तो थेट भरा. दोन हॉस्पिटलं आवाक्यात असतील तर आत्ताच तुलना करा, नंतर बदलता येतं पण कागदपत्रांचा घोळ होतो. पहिली सविस्तर भेट, जिला इथे 'बुकिंग' म्हणतात, ती दहा आठवडे पूर्ण होण्याआधी व्हायला हवी. अर्ज करून आठवडाभरात कुणाचा फोन आला नाही तर आपण करा.

व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरला असेल तर बाळंतपणाचं वेगळं बिल येत नाही. व्हिजिटर व्हिसावर असलेल्या बाईला मात्र येतं, आणि ते एनएचएसच्या नेहमीच्या दराच्या दीडपट असतं. तरीही पैसे आधी भरले नाहीत म्हणून बाळंतपणाचे उपचार अडवून ठेवता येत नाहीत. बिलाच्या भीतीने तपासण्या चुकवणं हा यातला सगळ्यात महागडा मार्ग ठरतो.

फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, बारा आठवड्यांपर्यंत. मधुमेह किंवा थॅलेसेमिया मायनर असेल तर ५ मिलिग्रॅमची गोळी लागते आणि ती जीपीच लिहून देतात. व्हिटॅमिन डी रोज १० मायक्रोग्रॅम. इथल्या उन्हावर आपल्या कातडीला ते पुरेसं मिळत नाही, त्यामुळे ही गोळी सोडू नका. भारतातून येताना कुणी हार्मोनच्या गोळ्या, इंजेक्शनं किंवा काढे दिले असतील तर नावं आणि डोस लिहून न्या. इथे अशा गोळ्या सरसकट देत नाहीत. मिडवाइफ त्या परस्पर बंद करणार नाही, पण तिला माहीत नसतील तर रक्ताच्या अहवालाचा अर्थ चुकू शकतो.

पहिली भेट: इथेच तुमचा रस्ता ठरतो

ही भेट तासभर चालते आणि बहुतेक वेळ प्रश्नच असतात. आधीची बाळंतपणं, गर्भपात, ऑपरेशनं, दोन्ही घरांतला मधुमेह, रक्तदाब, गुठळ्या, मानसिक आजार. उत्तरांवरून तुमची फाइल मिडवाइफकडे राहते की कन्सल्टंटकडे, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाते ते ठरतं. आपल्याकडे आधीचा गर्भपात किंवा नैराश्याची औषधं सांगायला संकोच वाटतो. इथे ते लपवलं तर चुकीच्या रस्त्याला लागाल.

थोडा वेळ नवऱ्याला बाहेर थांबवून तुमच्याशी एकटीशी बोलतील. घरात कुणी मारतं का, धमकावतं का, हे प्रत्येक बाईला विचारतात, तुमच्यावर संशय आहे म्हणून नव्हे. इंग्रजी अडत असेल तर मराठी दुभाषा मागा. तो फोनवर मिळतो, फुकट मिळतो. नवऱ्याने किंवा सासूबाईंनी भाषांतर करावं हे हॉस्पिटलला चालत नाही आणि तुम्हालाही चालू नये.

रक्त तपासताना थॅलेसेमिया आणि सिकलसेलची चाचणी दहा आठवड्यांच्या आत व्हावी लागते. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या कुटुंबांत सिकलसेल आढळतो, सिंधी आणि लोहाणा घरांत थॅलेसेमिया मायनर बऱ्यापैकी दिसतो. कुटुंबाचं मूळ विचारणारा फॉर्म येतो तो याचसाठी. आईत दोष वाहक म्हणून सापडला की बाबांचं रक्त लगेच मागवतात, तेव्हा 'मला काय झालंय' म्हणून टाळू नका.

वेळापत्रक आणि आकड्यांचा घोळ

पहिलं बाळंतपण असेल तर दहा भेटी, दुसरं-तिसरं असेल तर सात. भारतात दर महिन्याला सोनोग्राफी करून आलेल्यांना हे दुर्लक्ष वाटतं. सगळं ठीक असेल तर स्कॅन दोनच: एक ११ ते १४ आठवड्यांत, एक १८ ते २१ आठवड्यांत. पहिल्या स्कॅनबरोबर डाउन्स, एडवर्ड्स आणि पटाऊ सिंड्रोमची शक्यता काढतात. ती १५० त १ किंवा त्याहून जास्त आली तर पुढची चाचणी सुचवतात. याचा अर्थ बाळात दोष आहे असा होत नाही. दुसऱ्या स्कॅनला मुलगा की मुलगी हे बरीच हॉस्पिटलं विचारलं तर सांगतात. भारतात जे कायद्याने बंद आहे ते इथे सहज कानावर पडेल, तेव्हा ऐकायचं नसेल तर खोलीत शिरतानाच सांगून ठेवा.

मधल्या भेटींत रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन आणि २४ आठवड्यांनंतर टेपने पोटाची उंची, एवढंच होतं. साधा टेप बघून हसू नका. दोन भेटींत उंची वाढली नाही तर त्यावरूनच वाढीचा स्कॅन मागवला जातो. अट एकच, की ती दर वेळी आलेखावर मांडली गेली पाहिजे. मांडलेली दिसली नाही तर विचारा.

भारतीय कुळाची म्हणून तुमची २४ ते २८ आठवड्यांत साखरेची चाचणी करतात: उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी पुन्हा रक्त. उपाशी ५.६ किंवा दोन तासांनी ७.८ आलं, की गरोदरपणातला मधुमेह. हे आकडे वेगळ्या मापातले आहेत. १८ ने गुणलं की आपले ओळखीचे होतात, म्हणजे साधारण १०० आणि १४०. हिमोग्लोबिनचं उलट: इथला ११० म्हणजे आपला ११. भारतातल्या मावशीला अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवून उगाच घबराट होते ती बहुतेक या मापांमुळे.

ओ निगेटिव्ह, ए निगेटिव्ह अशा रक्तगटांना साधारण २८ आठवड्यांना अँटी-डीचं इंजेक्शन. डांग्या खोकल्याची लस १६ आठवड्यांपासून, आरएसव्हीची (तान्ह्यांच्या छातीला त्रास देणारा विषाणू) २८ पासून. नोकरी असेल तर २० आठवड्यांनंतर मॅट-बी-वन हा दाखला मिडवाइफकडूनच घ्यायचा, मॅटर्निटी पे त्यावर मिळतो. औषधं आणि दात फुकट करून देणाऱ्या मॅटर्निटी एक्झम्प्शनचा अर्जही तिच्याकडूनच जातो.

दोन तक्रारींना भेटीची वाट पाहायची नाही. पहिली, बाळाची हालचाल. दिवसाला दहा वेळा फिरलं म्हणजे ठीक, असा काही नियम नाही. तुमच्या बाळाची रोजची लय बदलली किंवा मंदावली, की त्याच दिवशी, रात्री दोन वाजले असले तरी, मॅटर्निटी ट्रायाजला, म्हणजे हॉस्पिटलच्या बाळंतपण विभागातल्या तातडीच्या कक्षाला फोन. गोड खाऊन, डाव्या कुशीवर पडून सकाळपर्यंत बघत बसू नका आणि घरी ठोके ऐकायचं यंत्र आणू नका. त्यावर आपलेच ठोके बाळाचे समजून खोटा धीर येतो. दुसरी तक्रार, तळहात आणि तळपायांची खाज, विशेषतः रात्री, अंगावर पुरळ नसताना. लिव्हरमधला पित्तरस तुंबल्याने हा त्रास होतो आणि दक्षिण आशियाई बायकांत तो जास्त आढळतो. 'पोट ताणल्यामुळे खाजतं, खोबरेल लावा' हा सल्ला पोटापुरता ठीक. तळव्यांना खाज असेल तर बाइल ॲसिडची रक्तचाचणी मागा.

बाळंतपण कुठे

जागा चार. घर. फक्त मिडवाइफच असलेलं वेगळं केंद्र, जिथे आवारात डॉक्टर नसतात. हॉस्पिटलच्या आतच, लेबर वॉर्डच्या शेजारी असलेलं मिडवाइफ केंद्र, ज्याला बहुतेक ठिकाणी बर्थ सेंटर म्हणतात. आणि खुद्द लेबर वॉर्ड, जिथे प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि थिएटर असतं. लेबर वॉर्डातही साध्या बाळंतपणात हाताशी मिडवाइफच असते. डॉक्टर राउंडला येतात आणि हाक मारली की येतात.

आधीचं सिझर, जुळं, पायाळू बाळ, ३७ आठवड्यांआधीच्या कळा, वार खाली असणं, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, मागच्या वेळी खूप रक्त गेलेलं असणं, यांपैकी काही असेल तर लेबर वॉर्डच सुचवतात. कळा सुरू होताना हिमोग्लोबिन ८५ च्या खाली असेल तरीही. म्हणून लोहाच्या गोळ्या २८ आठवड्यांपासूनच गंभीरपणे घ्या, बद्धकोष्ठ झालं तर गोळी बदलून मागा, परस्पर सोडू नका.

उरलेल्यांसाठी आकडे आहेत. २००८ ते २०१० या काळात इंग्लंडमधल्या सुमारे ६४,५०० कमी जोखमीच्या बाळंतपणांचा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिलटकरणींपैकी घरी सुरुवात केलेल्या १०० पैकी ४५ जणींना मधेच किंवा लगेच नंतर हॉस्पिटलात हलवावं लागलं. वेगळ्या केंद्रातून ३६, शेजारच्या केंद्रातून ४०. आधी एक तरी बाळंतपण झालेल्यांमध्ये हेच आकडे अनुक्रमे १२, ९ आणि १३. बाळाच्या बाबतीत गंभीर काही घडण्याचं प्रमाण पहिलटकरणीला लेबर वॉर्डात हजारी ५.३ आणि घरी ९.३ होतं. मिडवाइफ केंद्रांत असा फरक दिसला नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घरीही दिसला नाही. केंद्रांत सिझर, चिमटा (फोर्सेप्स), छेद हे सगळं कमी झालं.

आमचं मत सरळ आहे. पहिलटकरीण, तब्येत चांगली, कळा सोसायची तयारी: शेजारचं बर्थ सेंटर. पाण्याचा टब, मोकळं हिंडणं-फिरणं मिळतं, आणि लेबर वॉर्ड एका दरवाज्यापलीकडे असतो. एपिड्युरल (पाठीतून दिली जाणारी भूल) हवंच हे पक्कं असेल तर लेबर वॉर्डच घ्या, कारण एपिड्युरल फक्त तिथेच मिळतं. पहिल्या खेपेला घरचं बाळंतपण आम्ही सुचवणार नाही. तुमचा निर्णय झालाच असेल तर हॉस्पिटल अँब्युलन्सने किती मिनिटांवर आहे हे गर्दीच्या वेळेचं धरा, रविवार सकाळचं नव्हे.

वाद काय आहे

मिडवाइफच्या बाजूचा मुद्दा असा. निरोगी बाईला लेबर वॉर्डात निजवलं, पट्ट्यांनी मॉनिटरला बांधलं, की कळा मंदावतात. मग सलाइनमधून कळा वाढवणारं औषध, त्याने कळा असह्य, मग एपिड्युरल, मग जोर कमी पडतो, मग चिमटा किंवा सिझर. ही साखळी काल्पनिक नाही. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरची निघाली आणि सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के. बायकांची शरीरं तर दोन्हीकडे सारखीच. भारत सरकारनेही २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यामागे हे एक कारण होतंच. ओळखीच्याच मिडवाइफने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांभाळलं तर हस्तक्षेप कमी होतात आणि बायका समाधानी राहतात, हे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसलं आहे.

डॉक्टरांच्या बाजूचा मुद्दा वायव्य इंग्लंडमधल्या मोरकम बेच्या चौकशीत सापडतो. तिथल्या फर्नेस जनरल हॉस्पिटलमध्ये २००४ ते २०१३ या काळात अकरा बाळं आणि एक आई टाळता येण्याजोग्या कारणांनी गेली. २०१५ च्या अहवालात नोंद आहे की काही मिडवाइफ कसंही करून नॉर्मलच, या हट्टाला पेटल्या होत्या आणि डॉक्टरांशी त्यांचं जमत नव्हतं. मग श्रूजबरी आणि टेलफर्डच्या हॉस्पिटलची चौकशी. ती करणाऱ्या मिडवाइफ डोना ऑकेंडन यांच्या मार्च २०२२ च्या अहवालानुसार उपचार नीट झाले असते तर २०१ बाळं आणि नऊ माता वाचण्याची शक्यता होती. सिझरचं प्रमाण कमी ठेवल्याबद्दल हे हॉस्पिटल कधीकाळी नावाजलं गेलं होतं. नॉर्मल बाळंतपणाची मोहीम बंद केल्याचं रॉयल कॉलेज ऑफ मिडवाइव्ह्जने २०१७ मध्येच सांगितलं होतं. सिझरच्या टक्केवारीवरून हॉस्पिटलं तोलू नका, असं एनएचएसने २०२२ मध्ये कळवलं.

पण त्या चौकशा नीट वाचल्या तर खलनायक मिडवाइफही नाही आणि डॉक्टरही नाही. ठोके चुकीचे वाचले गेले. कुणी तरी काळजी बोलून दाखवली ती वर पोचली नाही. डॉक्टर उशिरा आले, किंवा आले आणि थांबून राहिले. आई सांगत होती ते कुणी ऐकलं नाही. भांडण पंथांचं दिसलं तरी मरण झालं ते हाक आणि ओ यांच्यामधल्या वेळेत.

आपल्याशी थेट संबंध असलेला एक वादही झाला. २०२१ मध्ये नाइस या, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेच्या मसुद्यात असं होतं की आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांना, बाकी सगळं ठीक असलं तरी, ३९ आठवड्यांना कळा आणण्याचा विचार करावा. ब्रिटनमध्ये तेव्हा आशियाई मातांचा मृत्युदर गोऱ्या मातांच्या सुमारे दुप्पट होता, म्हणून. मिडवाइफ आणि बायकांच्या संघटनांनी आक्षेप घेतला, की त्वचेचा रंग हा आजार नाही, आणि कमी ऐकून घेतलं जातं हे दुखणं कळा आणून बरं होत नाही. अंतिम मार्गदर्शनातून ते वाक्य गेलं. आज सगळ्यांनाच ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याचा पर्याय देतात. तो स्वीकारला की तुमचं बाळंतपण बहुधा लेबर वॉर्डात जातं, हे मात्र होकार देण्याआधी लक्षात घ्या. गोळी किंवा फुगा, मग पाणमोट फोडणं, मग सलाइन, यात दोन दिवस सहज जातात.

३४ व्या आठवड्यातले प्रश्न

बर्थ प्लॅन म्हणून दिवे मंद आणि गाण्यांची यादी लिहिण्याआधी हे विचारून लिहून घ्या: या केंद्रातून पहिलटकरणींपैकी किती जणींना हलवावं लागतं? हलवायचं ठरल्यापासून डॉक्टर समोर येईपर्यंत किती वेळ? रात्री केंद्र कर्मचारी कमी म्हणून बंद होतं का, आणि झालं तर मला कुठे पाठवणार? घरी येणार असाल तर दुसरी मिडवाइफ कधी पोचते? मोघम उत्तर मिळालं तर तेही एक उत्तरच आहे.

सिझरच हवं असेल तर तेही मागता येतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ मधल्या माँटगोमेरी निकालापासून तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा धोका आणि त्याला असलेले पर्याय तुम्हाला सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कन्सल्टंटची वेळ मागा, कारण सांगा. एका डॉक्टरांनी नकार दिला तर दुसऱ्यांकडे पाठवणं त्यांचं काम. तारीख साधारण ३९ आठवड्यांनंतरची मिळते, त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो.

आणि टाके. आशियाई बायकांत गुदद्वारापर्यंत जाणारी फाट जास्त प्रमाणात होते, हे इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शनात लिहिलेलं आहे, पण भेटीत क्वचितच कुणी काढतं. ३५ आठवड्यांपासून योनीमार्गाच्या खालच्या भागाची तेलाने मालिश, डोकं येताना गरम ओल्या कापडाचा शेक आणि मिडवाइफच्या हाताचा आधार, यांनी धोका कमी होतो. शेक आणि हाताचा आधार मला हवा, हे प्लॅनमध्ये लिहा.

कळा सुरू झाल्यावर

दहा मिनिटांत तीन कळा आणि प्रत्येक कळ पाऊण ते एक मिनिट, इतकं झालं की फोन. त्याआधी गेलात तर बहुतेक घरी परत पाठवतात आणि भर थंडीत रात्री तीनला ते अपमानासारखं लागतं. कारण मात्र खरं आहे: चार सेंटिमीटरच्या आधी भरती झालेल्यांना हस्तक्षेप जास्त होतात. घरी कोमट पाण्याची अंघोळ, चालणं, पातळ खिचडी किंवा पेज, आणि पॅरासिटामॉल १ ग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसाला ४ ग्रॅमच्या आत. कळांत उपाशी राहायची गरज नाही. फोनवर बाईने स्वतः बोलावं, कळेत तिचा आवाज कसा होतो ते मिडवाइफ ऐकत असते. दुसऱ्यांदा फोन करायची वेळ आली तर 'मला तपासायला यायचंय' असं स्पष्ट म्हणा.

अंगावरून रक्त जाणं, हिरवं किंवा तपकिरी पाणी जाणं, हालचाल कमी होणं, ताप, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे: इथे मिनिटं मोजायची नाहीत, निघायचं.

केंद्रात पोचल्यावर काय व्हायला हवं ते माहीत असलं की सोबतच्या माणसाला नुसतं उभं राहावं लागत नाही. बाळाचे ठोके दर पंधरा मिनिटांनी, कळ ओसरल्यावर लगेच, पूर्ण मिनिटभर ऐकायचे. जोर लावायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. हाताने तपासणी साधारण चार तासांनी, तुमच्या परवानगीने. चार तासांत दोन सेंटिमीटरपेक्षा कमी प्रगती म्हणजे रेंगाळणं. वेदनेसाठी टबातलं पाणी, गॅस अँड एअर (श्वासातून घ्यायचा वेदना कमी करणारा वायू) आणि इंजेक्शन. टबातलं पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण आईचं अंग तापलं की बाळाचंही तापतं.

मिडवाइफने हलवायचं ठरवावं अशी लक्षणं अशी:

- ठोके ११० च्या खाली किंवा १६० च्या वर, किंवा कळेनंतर घसरणारे
- पाण्यात बाळाची घट्ट शी
- रक्तदाब एकदाच १६०/११० च्या घरात, किंवा अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा १४०/९०
- ताप ३८, किंवा लागोपाठ दोनदा ३७.५
- पाणी जाऊन २४ तास झाले तरी कळा जोरात नाहीत
- ताजं रक्त जाणं
- बाळ पायाळू निघणं
- पहिलटकरणीने दोन तास जोर लावूनही बाळ जवळ आलेलं नसणं

पहिलटकरणींना हलवण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रेंगाळणं, आणि ते सायरन वाजवत होत नाही. चालत, नाहीतर व्हीलचेअरवर, दाराच्या पलीकडे. पण ठोक्यांबद्दल शंका आली तर सोबतच्याने एकच वाक्य म्हणायचं: 'आम्हाला काळजी वाटते, डॉक्टरांनी आत्ता पाहावं.' तसं म्हटल्याची नोंद करायलाही सांगा. मराठी माणूस इथे भिडेखातर गप्प बसतो.

बाळ आल्यावर नाळ किमान एक मिनिट कापत नाहीत. वार पडण्यासाठी मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देऊ का, असं विचारतात. घेतलं तर अर्ध्या तासात, न घेतलं तर तासाभरात वार पडायला हवी, नाहीतर लेबर वॉर्ड. रक्त कमी असलेल्या बाईने हे इंजेक्शन नाकारू नये.

घरी आल्यावर

सहा ते चोवीस तासांत घरी पाठवतात, तेव्हा आई किंवा सासूबाई आधीच येऊन राहिलेल्या असतील तर बरं. मिडवाइफ पहिल्या दिवशी, पाचव्या दिवशी टाचेतून रक्त घ्यायला आणि दहाव्याच्या सुमारास भेटते. मग हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवणारी नर्स येते. आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणी भारतात जन्मलेलं असेल तर बाळाला बीसीजी मिळते, पण सगळ्यांना आपोआप नाही. विचारून तारीख घ्या, ती साधारण २८ दिवसांच्या आत असते.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी इथे हमखास खटके उडतात. मधाचं बोट वर्षापर्यंत नाही, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्याला लुळेपणा येऊ शकतो. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. टोपरं घरात झोपताना काढायचं, बाळ डोक्यातून उष्णता टाकतं. खोली १६ ते २० अंश, आजीला ती थंडगार वाटणारच. धुरी-शेगडीचं स्मोक अलार्म बघून घेईल. आळीव, डिंकाचे लाडू, बाळंतिणीची मालिश यांना कुणाचीच हरकत नाही. कावीळ मात्र कोवळ्या उन्हावर सोडू नका. आपल्या वर्णाच्या बाळात ती कातडीवर उशिरा दिसते, म्हणून दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहा. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला तर लगेच हॉस्पिटल.

घरी आल्यावर बाईला तासाला एकाहून जास्त पॅड भिजवणारं रक्त जात असेल, पोटरी दुखून सुजली असेल, धाप लागत असेल किंवा ताप-थंडी असेल तर ९९९ (अँब्युलन्सचा नंबर) किंवा ट्रायाज, हेल्थ व्हिजिटरच्या भेटीची वाट नाही.

सहा ते आठ आठवड्यांनी जीपीकडे बाळ-बाळंतिणीची तपासणी असते. त्याआधी हॉस्पिटलला लिहून बाळंतपणाच्या नोंदींची प्रत मागा, ती फुकट मिळते. काही मनाला लागलं असेल तर मिडवाइफबरोबर बसून त्या नोंदी वाचण्याची वेळही मागता येते. प्रतीत चार गोष्टी शोधून खूण करून ठेवा: किती मिलिलिटर रक्त गेलं, फाट कितव्या दर्जाची होती, हलवलं असेल तर कारण काय लिहिलंय, आणि सिझर झालं असेल तर गर्भपिशवीवरचा छेद आडवा की उभा. पुढचं बाळंतपण बर्मिंगहॅमला होवो की बारामतीला, डॉक्टर आणि मिडवाइफ दोघंही सगळ्यात आधी हेच विचारतील.